जुनं सेशन उघडताना : ध्वनिमुद्रणाच्या संहितेची पाठचिकित्सा

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाने एका जुन्या प्रायोगिक नाटकाचा पुनःप्रयोग करायचं ठरवलं. नाटक २००५ सालचं. त्याचं पार्श्वसंगीत करणारा मित्र आता हयात नाही. वहिनींनी त्याच्या कपाटातून एक हार्ड डिस्क आणि चार डीव्हीडी काढून दिल्या. ‘‘बघा, तुम्हाला यातलं काही उघडता आलं तर,’’ एवढंच म्हणाल्या. चारपैकी दोन डीव्हीडी वाचल्याच गेल्या नाहीत. उरलेल्यांत आणि डिस्कवर मिळून दुसऱ्या अंकाची तीन फोल्डरं निघाली : ‘अंक दोन शेवटचं’, ‘अंक दोन शेवटचं नवं’ आणि ‘अंक दोन खरंच शेवटचं’. पहिल्या अंकाची तयार सीडी होती. दुसऱ्या अंकाची नव्हती. म्हणजे जे काही होतं ते या तीन फोल्डरांतच होतं.

एका तरुण ध्वनिमुद्रकाने त्यातलं तिसरं फोल्डर त्याच सॉफ्टवेअरच्या आजच्या आवृत्तीत उघडलं. उघडलं, हे महत्त्वाचं. आधी एक चौकट आली : सात प्लगिन सापडत नाहीत. ती बंद केल्यावर पडद्यावर एकोणीस ट्रॅक ओळीने मांडलेले दिसले, रंगांसकट. तंबोऱ्याच्या ट्रॅकवर स्वरांच्या खुणा होत्या, आवाज नव्हता. कारण तो तंबोरा मुद्रित केलेला नव्हता, कुठल्याशा प्लगिनमधून वाजत होता. पखवाज वाजला, पण पोकळ वाटला. सारंगी मात्र जशीच्या तशी आली. ऐकून झाल्यावर तो तरुण म्हणाला, ‘‘सर, ऐंशी टक्के आलंय.’’ त्या ऐंशी टक्क्यांनी मला या लेखाकडे ढकललं. ऐंशी टक्के कशाचे? ज्याच्याशी ताडून पाहायचं ते शंभर टक्के कुठे आहे?

संगीताच्या जतनाविषयी आपल्याकडे बोललं जातं ते बहुधा दोन गोष्टींना धरून. एक, ध्वनिमुद्रण : तबकडी, टेप, कॅसेट. दुसरी, स्वरलिपी : भातखंडे-पलुसकरांपासूनची. कॉम्प्युटरवरचं सेशन, ज्याला कुणी प्रोजेक्ट म्हणतं, ते या दोन्हींत बसत नाही. त्यात मुद्रित ध्वनीचे तुकडे असतात, पण ते वेगळ्या फाइलींत पडलेले असतात. सेशनची स्वतःची फाइल फक्त सांगते की अमुक तुकडा अमुक क्षणी, इतक्या आवाजात, या प्रक्रियेतून नेऊन वाजवायचा. म्हणजे ती आज्ञांची यादी आहे. स्वरलिपीसारखीच तीही कुणीतरी वाचून वाजवावी लागते. फरक इतकाच की भातखंड्यांची स्वरलिपी वाचणारा गवय्या लिपीत नसलेलं पुष्कळ स्वतःच्या तालमीतून भरतो. सेशन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची तालीम म्हणजे त्या आवृत्तीतलं गणित. आवृत्ती बदलली की गवय्याचं घराणं बदललं.

घराणी किती वेळा बदलली याचा हिशेब थोडक्यात सांगतो, कारण तो मुद्रकांना पाठ आहे आणि वाचकांना बहुधा नाही. वाद्यांना आपसांत बोलायला लावणारी मिडी ही पद्धत १९८३ साली आली. १९८५च्या अटारी एसटी या घरगुती कॉम्प्युटरला मिडीची खोबणी बसवलेलीच येत असे, म्हणून युरोपातले स्टुडिओ त्याच्याभोवती उभे राहिले. त्यावरच्या नोटेटरचा वंशज म्हणजे आजचं लॉजिक. लॉजिक बनवणारी इमॅजिक ही जर्मन कंपनी २००२ साली ॲपलने घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक तिथेच थांबलं. ज्यांनी विंडोजवर गाणी बांधली होती त्यांना एक तर यंत्र बदलणं भाग होतं, नाहीतर सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्या ऑपकोडचं स्टुडिओ व्हिजन हे त्याहून वाईट उदाहरण. गिटार बनवणाऱ्या गिब्सनने १९९८ साली ती कंपनी विकत घेतली आणि थोड्याच काळात नव्या आवृत्त्या बंद झाल्या. स्टाइनबर्गच्या क्यूबेसचा २००२ साली एसएक्स नावाने नवा अवतार आला तेव्हा त्याच्या फाइलींची जातच बदलली. प्रो टूल्सने २०१३च्या अकराव्या आवृत्तीत ६४ बिटांकडे जाताना जुन्या जातीचे प्लगिन सोडून दिले. २०१९ साली मॅकच्या कॅटलिना या प्रणालीने ३२ बिटांचे सगळेच प्रोग्राम चालवणं थांबवलं. या प्रत्येक टप्प्यावर काही ना काही उघडेनासं झालं.

पण न उघडणं हा दोष मला तितकासा गंभीर वाटत नाही. हस्तलिखित जळालं तर निदान ते जळालं हे कळतं. उघडतं आणि काही सापडत नाही म्हणून सांगतं, तेही परवडलं. वाळवीने खाल्लेल्या पानाला भोक दिसतं. खरा धोका आहे तो सगळं सुरळीत उघडून गुपचूप वेगळं वाजण्यात.

याची साधी उदाहरणं पुष्कळ आहेत. ॲपलच्या जुन्या यंत्रांवरच्या साउंड डिझायनर टू या प्रकारच्या फाइलींत, सेकंदाला किती नमुने घेतले ही माहिती मुख्य ध्वनीबरोबर नसे, फाइलीच्या एका वेगळ्या कप्प्यात असे. विंडोजच्या डिस्कवर नक्कल केली की तो कप्पा गळून पडे. नाव तेच, आकार जवळपास तोच, ध्वनीही आत शाबूत. फक्त तो कोणत्या वेगाने वाजवायचा हे हरवलेलं. ४४.१ हजार नमुन्यांचं गाणं कुणी ४८ हजारांचं समजून वाचलं तर काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी लटकतं, आणि लयही चढते. हे निदान कानाला टोचतं. पण मध्यभागी ठेवलेला आवाज डाव्या-उजव्या बाजूंच्या मानाने किती उतरवायचा याचा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आपापला नियम असतो : कुठे शून्य, कुठे तीन डेसिबल, कुठे साडेचार, कुठे सहा. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना हा नियम बरोबर जाईलच असं नाही. गायिकेचा आवाज मध्ये असतो, साथ बाजूंना. तीन डेसिबलांचा फरक पडला तर गायिका साथीच्या किंचित मागे जाऊन उभी राहते. ऐकणाऱ्याला वाटतं, संगीतकाराला असंच हवं असेल.

आता आमच्या पखवाजाकडे येतो. तो दोन माइकवर मुद्रित केला होता, एक शाईच्या बाजूला आणि एक कणकेच्या बाजूला. पडद्यावर दिसत होतं की कणकेच्या बाजूचा ट्रॅक दुसऱ्यापेक्षा थोडा आधी सुरू होतो. तरुण मुद्रकाला ती हातचूक वाटली. तो माउसने सरळ करायला निघाला. मी म्हटलं, आधी मोज. फरक निघाला बरोबर ५१२ नमुन्यांचा, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिसेकंद. हात चुकला तर ४९७ येईल, ५३० येईल. नेमका ५१२ हा आकडा कॉम्प्युटरच्या घरचा आहे. कुणीतरी तो जाणूनबुजून टाकला आहे.

उलगडा असा. काही प्लगिनांना आपलं गणित करायला वेळ लागतो आणि त्यांच्यातून जाणारा ध्वनी उशिरा बाहेर पडतो. आजची सॉफ्टवेअरं हा उशीर मोजून बाकीचे सगळे ट्रॅक तेवढेच थांबवून धरतात. त्या काळी ही सोय सर्वत्र नव्हती. घरगुती स्टुडिओंत चालणाऱ्या प्रो टूल्स एलईमध्ये ती कधीच आली नाही, २०१०च्या नवव्या आवृत्तीने एलईची जागा घेतली तेव्हा त्या वर्गाला ती मिळाली. तेव्हा मुद्रक काय करत? उशीर करणाऱ्या ट्रॅकला हाताने तेवढंच पुढे ओढत. आमच्या मित्राने तेच केलं होतं. आजच्या सॉफ्टवेअरने स्वतःच्या चोखपणाने तो उशीर काढून टाकला आणि त्यामुळे हाताने केलेली दुरुस्ती चूक होऊन उभी राहिली. पखवाज पोकळ झाला तो यामुळे. मुळात दोष यंत्रात होता आणि माणसाने तो झाकला होता. आता यंत्र निर्दोष झालं, तर झाकण उघडं पडलं.

पाठचिकित्सेचा थोडाबहुत अभ्यास असलेल्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. लेखनिकाला एखादं रूप चुकीचं वाटतं, तो ते ‘शुद्ध’ करतो, आणि त्यामुळे शेजारचा शब्द निरर्थक होतो. म्हणून संपादक अवघड पाठाला सोप्या पाठापेक्षा जास्त मान देतो. ५१२ हा आमचा अवघड पाठ होता.

ही तुलना मी गंमत म्हणून करत नाही. महाराष्ट्राला पाठचिकित्सेची मोठी परंपरा आहे. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू झालेलं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९६६पर्यंत चाललं. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५पासून त्याला पद्धत घालून दिली. त्या आवृत्तीतली एक साधी गोष्ट मला फार आवडते. जिथे पाठ पक्का नाही, तिथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. संपादक सांगतो : हे मी निवडलं आहे, पण खात्री नाही. वाचकाने सावध राहावं.

अर्थात तुलना एका जागी मोडते. सुकथनकरांपुढे शेकडो हस्तलिखितं होती आणि व्यासांच्या हातची एकही नव्हती. आमच्यापुढे कर्त्याच्या हातची प्रत आहे, शेवटच्या अक्षरापर्यंत. हरवला आहे तो वाचक. म्हणून इथे ‘मूळ पाठ कोणता’ एवढं विचारून भागत नाही. ‘मूळ वाचन कसं होतं’ हेही शोधावं लागतं.

पाश्चात्त्य संगीताभ्यासात हा शोध घेतला गेला आहे. जॉन चौनिंगची ‘स्ट्रिया’ ही रचना १९७७ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा ऐकवली गेली. स्टॅनफर्डच्या पीडीपी-१० या यंत्रावर, चौनिंगनेच शोधलेल्या एफएम पद्धतीने ती पूर्णपणे कॉम्प्युटरमध्ये घडवलेली आहे आणि तिच्या स्वरांच्या अंतरांपासून रचनेपर्यंत सुवर्ण गुणोत्तर खेळवलं आहे. ती यंत्रव्यवस्था काळाच्या ओघात गेली. २००७ साली ‘कॉम्प्युटर म्युझिक जर्नल’ने तिच्या पुनर्घडणीवर अनेक लेख एकत्र छापले. त्यातल्या लॉरा झात्रा यांच्या लेखाच्या शीर्षकातच ‘फिलॉलॉजी’ आहे, म्हणजे आपण ज्याला भाषाशास्त्रीय संहिताचिकित्सा म्हणतो ते. ऑलिव्हिए बोदुआं यांनी रचना नव्याने घडवली. संगीताच्या एका प्रोग्रामसाठी जुन्या पोथीसारखे पुरावे गोळा करून पाठ जुळवायचे, हे तेव्हा अनेकांना अतिरेकी वाटलं असेल. मला ते त्या दशकातलं फार महत्त्वाचं समीक्षाकार्य वाटतं, कारण त्याने एक भ्रम मोडला : कॉम्प्युटरवरची रचना एकच असते, हा.

दुसरं उदाहरण फिलिप मनूरी यांच्या ‘ज्युपिटर’चं. बासरी आणि तिच्याबरोबर त्याच क्षणी चालणारा कॉम्प्युटर यांच्यासाठी १९८७ साली पॅरिसच्या इर्कामने ही रचना उभी केली. बासरीवादक काय वाजवतो ते ऐकून यंत्र संहितेत मागोमाग चालत राहतं. साथीदार गायकाच्या मागे जातो तसं, फक्त समज कमी. ती फोरएक्स नावाच्या खास यंत्रासाठी लिहिलेली होती. ते यंत्र मागे पडलं तशी रचना पुढच्या यंत्रावर हलवली गेली. मग मिलर पकेट यांनी, ज्यांनी मॅक्स हा प्रोग्राम आणि नंतर पीडी हा मुक्त प्रोग्राम लिहिला, ती पीडीमध्ये आणून सर्वांसाठी खुली ठेवली. या कामामागची दृष्टी मला ‘स्ट्रिया’च्या पुनर्घडणीहून वेगळी दिसते. तिथे प्रश्न होता, १९७७ साली नेमकं काय घडलं. इथे प्रश्न आहे, पुढच्या वर्षी ही रचना कुणाला वाजवता येईल का. म्हणून पीडीचा आग्रह असा की प्रोग्रामची मूळ संहिता उघडी असावी आणि जुनी फाइल जुन्यासारखीच चालावी, नवीन सोयी थोड्या कमी आल्या तरी चालतील.

बाजारात विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचा कल उलटा आहे. तिथे नवेपणा विकायचा असतो. जुनं उघडणं ही सौजन्याची बाब. तरी सौजन्य अजिबात नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. एबलटन लाइव्हमध्ये जुनं सेशन उघडलं की ज्या उपकरणांचं वागणं नव्या आवृत्तीत बदललं आहे त्यांतल्या काहींच्या डोक्यावर ‘अपग्रेड’ असं बटण दिसतं. न दाबल्यास उपकरण जुन्यासारखंच वाजतं. माझ्या मते व्यापारी सॉफ्टवेअरने काढलेली नागमोडी रेघ ती हीच. ती पाठ बदलत नाही, पण इथे दोन पाठ आहेत हे सांगते. बाकीच्यांनी एवढं केलं असतं तरी आमचा पखवाज वाचला असता.

ध्वनिमुद्रकांनी यावर एक रामबाण शोधला आहे. काम संपलं की प्रत्येक ट्रॅक पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत सलग, प्रक्रियेसकट, साध्या वेव्ह फाइलीत उतरवून ठेवायचा. अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग अकॅडमीच्या निर्माते-अभियंत्यांच्या शाखेने याच धर्तीच्या शिफारशी केल्या आहेत. त्या रास्त आहेत. दुसऱ्या अंकाचा तंबोरा कुणी तसा उतरवून ठेवला असता तर आज आम्ही उपाशी नसतो. पण एवढ्यावर थांबणाऱ्यांशी माझं भांडण आहे. सलग उतरवलेला ट्रॅक म्हणजे शिलालेख : टिकतो, आणि फक्त निकाल सांगतो. संगीतकार निकालापर्यंत कसा आला, काय टाकून दिलं, पखवाज ५१२ने का ओढला, हे सगळं त्यातून पुसलं जातं. आपण कवींच्या वह्यांतल्या खोडलेल्या ओळींवर प्रबंध लिहितो; मग संगीतकाराच्या म्यूट केलेल्या ट्रॅकला कचरा का समजतो?

उलट टोकाला जुनी यंत्रं तेलपाणी करून जिवंत ठेवणारे आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण धोरण म्हणून ते चालणारं नाही. ज्याला परवडतं त्याचंच संगीत वाचतं. प्रायोगिक नाटकवाल्यांना परवडत नाही, हे वेगळं सांगायला नको.

एका वेगळ्या घटनेची नोंद इथे करायला हवी. २००५ सालीच, म्हणजे आमच्या नाटकाच्याच वर्षी, नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझनर यांनी ‘द हँड दॅट फीड्स’ हे गाणं गॅरेजबँडची फाइल म्हणून लोकांना देऊन टाकलं. तोवर सेशन ही स्वयंपाकघरातली गोष्ट होती. त्यांनी ती पानात वाढली. चाहत्यांनी रीमिक्स केले, वगैरे. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथे सेशन हे प्रकाशित वाङ्मय झालं. आणि प्रकाशित झालं की त्याला आवृत्ती, पाठभेद, संपादक हे सगळं लागू होतं. २०२३ साली बिटविग आणि प्रीसोनस यांनी सेशन एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी डॉप्रोजेक्ट नावाची खुली मांडणी पुढे आणली. चांगलं पाऊल आहे. मात्र सामाईक मांडणीत मावतं ते सामाईकच : तुकडे, स्वर, आवाजाचे चढउतार. घराण्याची खासियत तिच्यात मावत नाही, आणि पाठभेद नेमके तिथेच असतात.

आमच्याकडे संपादकमंडळ नव्हतं. मी, तो तरुण आणि नाटकाची दिग्दर्शिका, एवढेच. तिन्ही फोल्डरं ताडून पाहिली. ‘खरंच शेवटचं’ हे खरंच शेवटचं नव्हतं. फाइलीच्या तारखेप्रमाणे ‘शेवटचं नवं’ नंतरचं निघालं, आणि त्यात सारंगी चार मात्रा उशिरा येत होती. दिग्दर्शिकेला आठवत होतं की तालमीत नटाचं वाक्य लांबलं म्हणून सारंगी मागे नेली होती. तो नट आज वेगळा आहे, वाक्य लांबत नाही. बराच वाद झाला. शेवटी नंतरचा पाठ ठेवला आणि नव्या नटाला थांबायला सांगितलं. त्याला ते फारसं आवडलं नाही.

पखवाजाला आम्ही हात लावला नाही. त्याच्यावरचं प्लगिन सापडलेल्यांपैकी होतं, तेव्हा त्या ट्रॅकपुरती उशिराची आपोआप होणारी भरपाई बंद केली. दोन्ही माइक पुन्हा जागेवर आले, पोकळपणा गेला. तंबोरा मिळाला नाही. खुणांवरून स्वर कळत होते, म्हणून त्याच स्वरांत एक खराखुरा तंबोरा मुद्रित केला. तो जुन्यापेक्षा बरा वाजतो, हीच अडचण आहे. प्रयोगाच्या पत्रिकेत संगीतकाराच्या नावाखाली बारीक टाइपात छापलं : ‘दुसऱ्या अंकातला तंबोरा नवा.’ सोळाव्या ट्रॅकवर, म्यूट केलेल्या, मित्राचा आवाज आहे, मात्रा मोजणारा. तो म्यूटच ठेवला; वहिनींना मात्र वेगळा उतरवून दिला.

मग सगळं नव्या फोल्डरात जतन केलं, जुनी तिन्ही फोल्डरं जशीच्या तशी कुलूपबंद करून. नव्या फोल्डरला नाव काय द्यायचं, यावर अर्धा तास गेला.